दिव्यांग विद्यार्थ्यांचा परदेशप्रवास विठ्ठलवाडीपासून मोजताना

विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रम ही दोन शिक्षणसंस्थांनी किंवा दोन देशांनी आधी ठरवून केलेली व्यवस्था असते. तिच्यात एका ठिकाणचा विद्यार्थी आपली मूळ संस्था न सोडता काही आठवडे, एक सत्र किंवा एक वर्ष दुसरीकडे शिकतो, तेथील वसतिगृहात अथवा एखाद्या कुटुंबात राहतो, आणि त्याच व्यवस्थेतून तिकडचा विद्यार्थी इकडे येतो. पदवी मिळवण्यासाठी परदेशी जाणे हा याहून वेगळा आणि बराच खर्चिक मार्ग आहे. युरोपात १९८७ साली सुरू झालेला इरॅस्मस कार्यक्रम, १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी रोटरी चालवते तो युवा आदानप्रदान कार्यक्रम आणि शालेय विद्यार्थ्यांना वर्षभर अमेरिकेत नेणारा, २००२ साली स्थापन झालेला केनेडी-लुगर कार्यक्रम ही यांतील ठळक उदाहरणे होत. अशा कार्यक्रमातून विद्यार्थ्याच्या पदरी केवळ काही विषयांचे गुण पडत नाहीत. घराबाहेर स्वतःच्या जबाबदारीवर राहणे, अनोळखी भाषेत आपले म्हणणे मांडणे, आपल्याला काय हवे ते संकोच न करता मागणे, या गोष्टी तो तेथे शिकतो. दिव्यांग तरुणाला हे सारे शिकण्याची संधी घरी आणि शाळेत इतरांपेक्षा कमी मिळत असल्यामुळे हा अनुभव त्याच्यासाठी अधिक मोलाचा असतो, आणि नेमका असा तरुणच या कार्यक्रमांच्या रचनेत बहुधा गृहीत धरलेला नसतो.

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांसारख्या अवस्था त्यात आल्या, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने आजची संख्या जनगणनेतील आकड्याहून मोठीच धरावी लागेल. या तरुणांपैकी परदेशी शिक्षणापर्यंत कोण पोहोचते याचा विचार करताना चर्चा सहसा परदेशातील विद्यापीठाच्या दारापासून सुरू होते. तेथे रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, ब्रेलमध्ये पुस्तके मिळतील का, असे प्रश्न विचारले जातात. ते प्रश्न रास्त आहेत, परंतु महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची वाट त्या दारापाशी पोहोचण्याच्या फार आधी, त्याच्या स्वतःच्या गावात अडते.

विठ्ठलवाडी हे त्यासाठी पाहण्याजोगे ठिकाण आहे. कल्याण जंक्शनवरून कर्जत-खोपोलीकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे पहिले स्थानक. त्याच्या एका अंगाला कल्याण पूर्वेची वस्ती, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, जवळच एस.टी.चे आगार आणि लहानमोठे कारखाने. येथील विद्यार्थी उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा महाविद्यालयात, कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात, नाही तर थेट मुंबईत शिकायला जातो. परदेशी जायचे ठरल्यावर पासपोर्टसाठी ठाणे, अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुल, इंग्रजीच्या परीक्षेसाठी मुंबई किंवा ठाण्यातील एखादे केंद्र, अशा अनेक फेऱ्या त्याला कराव्या लागतात आणि त्यांतील जवळपास प्रत्येक फेरी लोकल गाडीने होते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, ही मुंबई उपनगरी रेल्वेची मोठीच सोय म्हटली पाहिजे. तथापि मधल्या स्थानकांवर गाडी अर्धा मिनिटदेखील थांबत नाही, फलाट आणि डब्याची पायरी यांत उंचीचा व अंतराचा फरक राहतो, आणि गर्दीच्या वेळी त्या डब्यातही चढण्यासाठी रेटारेटी करावी लागते. चाकाच्या खुर्चीवरील मुलीने अशा डब्यात शिरून कुर्ल्याला उतरावे, तेथून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत रिक्षा गाठावी आणि वेळेवर मुलाखतीला हजर व्हावे, ही अपेक्षा कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात कोठेही लिहिलेली नसते, पण ती पूर्ण केल्यावाचून पुढचे काहीच घडत नाही.

ही वाट चालता येते, याचा पुरावा याच मार्गावर आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी, वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकून त्यांनी चांदीबाई महाविद्यालयातून बारावी केली, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात राज्यशास्त्र घेतले आणि त्यासाठी त्या उल्हासनगर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा प्रवास, म्हणजे विठ्ठलवाडी आणि कल्याण ओलांडून जाणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा लोकलचा प्रवास, नेहमी करीत असत. तेथून त्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयासाठी गेल्या. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या, आधारे अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत प्रथम ७७३व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, तेव्हा रेल्वेच्या लेखा सेवेतील नेमणूक त्यांना पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून नाकारण्यात आली. पुढच्याच प्रयत्नात त्यांनी १२४वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला आणि २०१९ साली तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून कार्यभार स्वीकारला. त्यांचा प्रवास औपचारिक आदानप्रदान कार्यक्रमातून झालेला नाही. मात्र घर, परिसर, भाषा आणि शहर बदलत शिकत जाण्याचे ते उदाहरण आहे, आणि त्यात कोणती मदत उपयोगी पडली हे स्पष्ट दिसते: ब्रेल शिकवणारी शाळा, संगणकाचे योग्य साधन, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र चालवणारे महाविद्यालय. सेंट झेवियर्समध्ये असे संसाधन केंद्र २००३ पासून आहे. विठ्ठलवाडीच्या आसपासच्या महाविद्यालयांत त्या तोडीचे केंद्र उभे राहिले असते, तर दृष्टिहीन विद्यार्थ्याला केवळ योग्य सोयीसाठी टर्मिनसपर्यंत जावे लागले नसते.

दादरच्या त्याच शाळेशी आणखी एक जुनी हकिगत जोडलेली आहे. ही शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू केली. १९३९ साली लाहोरच्या एका डॉक्टरांनी आपल्या जेमतेम पाच वर्षांच्या, मेंदूज्वराने दृष्टी गेलेल्या मुलाला हजाराहून अधिक मैल दूर या दादरच्या शाळेत पाठवले, कारण त्याला शिकवू शकेल अशी सोय घराजवळ त्यांना दिसत नव्हती. तो मुलगा म्हणजे पुढे इंग्रजीतील नामांकित लेखक झालेले वेद मेहता. फाळणीनंतर, १९४९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ते एकटेच अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील अंध शाळेत गेले. अनेक अमेरिकन शाळांनी त्यांना घेण्यास नकार दिला होता आणि लिटल रॉक येथील या एका शाळेने होकार दिला. त्यानंतर पोमोना महाविद्यालय, ऑक्सफर्डमधील बेलिअल महाविद्यालय आणि ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकातील तीन दशकांहून अधिक काळाची लेखकीय कारकीर्द, असा त्यांचा प्रवास झाला. त्या काळात असा मुलगा परदेशी जाऊ शकला तो वडिलांच्या ऐपतीमुळे, चिकाटीमुळे आणि एका शाळेच्या सौजन्यामुळे; त्याला कोणताही हक्क नव्हता. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती हक्क आहे, आणि तो नेमका काय देतो व कोठे अपुरा पडतो हे नीट समजून घेतले पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षणाचा हक्क आहे आणि ३२व्या कलमात आंतरराष्ट्रीय सहकार्याचे कार्यक्रम दिव्यांगांना सामावून घेणारे व त्यांना वापरता येण्याजोगे असावेत असे म्हटले आहे. आदानप्रदानाच्या दृष्टीने हे दुसरे कलम अधिक नेमके असूनही त्याची चर्चा कमी होते. देशातील २०१६ चा अधिनियम याच कराराला अनुसरून झाला. त्यातील मध्यवर्ती कल्पना ‘वाजवी सोय’ ही आहे: नियम, जागा किंवा पद्धत यांत असा आवश्यक व योग्य बदल करणे, की ज्यामुळे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता येईल आणि बदल करणाऱ्या संस्थेवर अवास्तव भार पडणार नाही. परीक्षेत लेखनिक देणे, वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापणे ही तिची साधी उदाहरणे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारणे चुकीचे ठरवले आणि चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणापुरती असते, वाजवी सोय मात्र प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला मिळाली पाहिजे, हा फरक स्पष्ट केला. तरुणांच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व मोठे आहे, कारण सौम्य श्रवणदोष असलेल्या किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या कित्येकांना आपण ‘पुरेसे दिव्यांग’ नाही अशी समजूत करून दिली जाते आणि मग ते काही मागतच नाहीत.

महाविद्यालयाचा परदेशी विद्यापीठाशी करार होतो तेव्हा त्या करारातील कलमांमध्ये वाजवी सोयीचा खर्च कोणी करायचा हे क्वचितच लिहिलेले असते, आणि खरी अडचण येथून सुरू होते. खर्चाची ही गुंतागुंत देशोदेशी निरनिराळी आहे. ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सरकारी भत्ता आहे, पण तो परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. त्याच्याबाबतीत २०१० च्या समता कायद्यानुसार विद्यापीठानेच वाजवी बदल करायचे असतात. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४वे कलम आणि १९९० चा दिव्यांगविषयक कायदा यांमुळे विद्यापीठाला वर्गातील टिपणे, खुणांच्या भाषेचा दुभाषी, जादा वेळ, पोहोचता येण्याजोगी खोली या गोष्टी विनाशुल्क द्याव्या लागतात. परंतु अंघोळ, कपडे, जेवण यांसाठी लागणारा व्यक्तिगत मदतनीस देण्याचे बंधन त्या कायद्यांनी विद्यापीठावर घातलेले नाही. ज्याला रोज सकाळी खुर्चीवर बसवण्यासाठी माणूस लागतो त्याच्यासाठी हा फरक निर्णायक असतो, कारण तेथे असा मदतनीस तासाच्या दराने मिळतो आणि सत्राअखेर त्याचा खर्च शिकवणी शुल्काला भिडू शकतो. घरी आई, भाऊ किंवा शेजारी ते काम करीत असल्यामुळे मराठी कुटुंबाच्या अंदाजपत्रकात त्याची नोंदच होत नाही. युरोपीय संघाने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे: इरॅस्मस कार्यक्रमात दिव्यांगत्वामुळे येणारा जादा खर्च, सोबत जाणाऱ्या माणसाच्या खर्चासह, प्रत्यक्ष बिलांप्रमाणे पूर्ण देण्याची तरतूद आहे आणि तो नेहमीच्या शिष्यवृत्तीत कापून नव्हे, तिच्या वर मिळतो.

भारत सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती हा आपल्याकडील मुख्य आधार. ती परदेशातील पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी असून दरवर्षी देशभरातून वीस विद्यार्थ्यांना मिळते, त्यांपैकी सहा जागा मुलींसाठी आहेत. दोन कोटी अडुसष्ट लाख दिव्यांगांच्या देशात वीस जागा ही संख्या स्वतःच बोलकी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका सत्राच्या किंवा काही आठवड्यांच्या आदानप्रदानाला ही शिष्यवृत्ती लागू होत नाही. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला आधी थोड्या दिवसांसाठी बाहेर राहून स्वतःची क्षमता अजमावायची आहे, त्याला सरकारी मदत नाही, आणि मदत आहे ती थेट दोन-तीन वर्षांच्या उडीसाठी. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, ही पुढाकाराची गोष्ट आहे. अल्पमुदतीच्या आदानप्रदानासाठी, सोबतच्या मदतनिसाच्या खर्चासह, छोटी शिष्यवृत्ती सुरू करणे त्या विभागाच्या आवाक्यातले आहे आणि त्याची निकड अधिक आहे.

प्रवेशअर्जात दिव्यांगत्वाची माहिती केव्हा आणि कशी द्यावी, हा विद्यार्थी आणि पालक यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न. सांगितले तर निवड होणार नाही या भीतीने अनेक जण ती लपवतात, आणि मग परदेशी पोहोचल्यावर ऐन वेळी सोयी मागाव्या लागतात, ज्या मिळायला आठवडे जातात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील युजीन येथे १९८१ पासून कार्यरत असलेल्या मोबिलिटी इंटरनॅशनल या दिव्यांगांच्याच संस्थेने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले आहे. तिच्यातर्फे १९९५ साली दिव्यांगत्व आणि आदानप्रदान याविषयीचे माहितीकेंद्र अमेरिकी सरकारच्या साहाय्याने सुरू झाले, आणि केनेडी-लुगरसारख्या कार्यक्रमांतून येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत उतरल्यावर वेगळे तयारी शिबिर घेतले जात आले आहे. व्यवहारात उपयोगी ठरणारी पद्धत अशी, की निवडीच्या टप्प्यावर केवळ शैक्षणिक पात्रता तपासली जावी आणि निवड जाहीर झाल्याबरोबर, प्रवासाच्या कित्येक महिने आधी, सोयींची मागणी स्वतंत्र अर्जाने घेतली जावी. ही दोन पाने वेगळी ठेवली की लपवण्याचे कारण उरत नाही.

कागदपत्रांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. भारतात दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, टक्केवारी सांगते. परदेशी विद्यापीठाला टक्केवारीशी कर्तव्य नसते, त्याला विद्यार्थी किती अंतर चालू शकतो, किती वेळ सलग लिहू शकतो, किती अंतरावरून ओठ वाचू शकतो आणि त्यासाठी कोणती साधने वापरतो हे तज्ज्ञांच्या इंग्रजी पत्रातून हवे असते. आपल्या न्यायव्यवस्थेनेही हा दृष्टिकोन आता स्वीकारला आहे. महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला वाचा व भाषेच्या दोषाची टक्केवारी चाळीसच्या वर गेल्यामुळे एमबीबीएसचा प्रवेश नाकारण्यात आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का हे प्रत्यक्ष तपासले पाहिजे, असे सांगितले. ठाणे जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांत प्रमाणपत्र देतानाच अशा कार्यक्षमतेच्या वर्णनाचे एक पान जोडले गेले, तर विद्यार्थ्याचा दुसऱ्यांदा तपासण्यांचा खर्च आणि वेळ वाचेल.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण वेगळ्याच स्वरूपाची असते. भारतीय सांकेतिक भाषेतील इंग्रजी मुळाक्षरे दोन्ही हातांनी दाखवली जातात, तर अमेरिकन सांकेतिक भाषेतील एका हाताने. दोन्हींचे व्याकरण आणि शब्दसंग्रह निराळे आहेत. म्हणून वॉशिंग्टनमधील गॅलॉडेट विद्यापीठात, जे १८६४ पासून कर्णबधिरांसाठी चालते, जाणारा मराठी विद्यार्थी इंग्रजी लिहिणे आणि अमेरिकन सांकेतिक भाषा अशा दोन नव्या भाषा एकाच वेळी शिकतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत केंद्रीय संस्था आहे, तरी दुभाष्यांची चणचण जाणवत राहते. आशियातील अनुभवही येथे विचारात घ्यावा लागतो. जपानमध्ये १९९९ पासून डस्किन नावाने ओळखला जाणारा नेतृत्व प्रशिक्षण कार्यक्रम आशिया-पॅसिफिकमधील दिव्यांग तरुणांसाठी चालतो. त्यात सुमारे दहा महिने राहताना आधी जपानी भाषा, आणि गरजेप्रमाणे जपानी सांकेतिक भाषा किंवा जपानी ब्रेल शिकवली जाते व मग दिव्यांगांच्या संस्थांत प्रत्यक्ष काम दिले जाते. भाषा शिकवणे हा कार्यक्रमाचाच पहिला भाग धरला, की कर्णबधिर तरुणाला आधीच भाषा येत असण्याची अट घालावी लागत नाही. या रचनेतून आपल्या विद्यापीठांनी घेण्याजोगे बरेच आहे.

विमानप्रवासाचा विषय अनेकदा किरकोळ समजला जातो, पण दिव्यांगांच्या आदानप्रदानातील सर्वांत अपमानास्पद प्रसंग तेथेच घडतात. असा एक प्रसंग मुंबईतील एका संस्थेशी निगडित आहे. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, जी पुढे ‘अ‍ॅडॅप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे हालचालींवर व बोलण्यावर परिणाम होण्याची अवस्था, असलेल्या मुलांसाठी हे मुंबईतील मोठे काम. या संस्थेने फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्यात भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी कोलकात्याहून निघालेल्या जीजा घोष यांना, स्वतःलाही सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्तीला, विमानात आसनावर बसल्यानंतर खाली उतरवण्यात आले. त्या आणि अ‍ॅडॅप्ट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने दहा लाख रुपयांची भरपाई देववली आणि दिव्यांग प्रवाशाशी वागण्यातील प्रतिष्ठेचा मुद्दा ठामपणे मांडला. ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी बोलावलेली व्यक्ती परिषदेच्या दारापर्यंतही पोहोचू शकली नाही, हे या खटल्यातील सर्वांत बोचणारे वास्तव आहे. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार मदतीची गरज विमान कंपनीला ४८ तास आधी कळवायची असते, आणि २०२२ मधील दुरुस्तीनंतर प्रवाशाची तब्येत प्रवासात बिघडेल असे कंपनीला वाटल्यास आधी विमानतळावरील डॉक्टरांचे मत घेणे बंधनकारक झाले आहे. विद्युत खुर्ची नेणाऱ्यांनी बॅटरीचा प्रकार, खुर्चीचे वजन आणि मापे तिकीट काढतानाच कळवणे श्रेयस्कर. तसेच अमेरिकेतील विजेचा दाब सुमारे १२० व्होल्ट आणि आपल्याकडील २३० व्होल्ट असल्यामुळे चार्जर दोन्ही दाबांवर चालतो का, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे लागते, नाही तर पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद पडते.

मिथू अलूर यांच्या कन्या मालिनी छिब यांच्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. सेरेब्रल पाल्सी असूनही त्या मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले. लंडनमध्ये खुर्ची घेऊन एकटीने बसने फिरता येणे, स्वतः दुकानात जाणे या साध्या गोष्टी त्यांच्या जडणघडणीत मोलाच्या ठरल्या. मुंबईत प्रेमाची माणसे होती, पण एकटीने घराबाहेर पडता येईल अशी रस्त्यांची आणि बसची रचना नव्हती; शिक्षणासाठी देश बदलल्याने नेमका हा भेद दिसतो आणि परत आल्यावर माणूस आपल्या शहराकडून त्याची मागणी करू लागतो. आदानप्रदानाचा हा परतीचा लाभ एका विद्यार्थ्यापुरता राहत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत भारताने अभिमानास्पद पाऊल टाकले आहे. दृष्टिहीनांसाठी ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल रूपात केलेली पुस्तके प्रताधिकाराच्या अडथळ्याविना एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावीत, यासाठी २०१३ साली मोरोक्कोतील मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो मान्य करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारत ठरला. २०१६ मध्ये तो अमलात आला; त्याच वर्षी देशात ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. एखाद्या सत्रासाठी परदेशी जाणारा दृष्टिहीन विद्यार्थी आता तेथील पाठ्यपुस्तके निघण्यापूर्वीच मिळवू शकतो. अट एवढीच, की वाचनयादी त्याच्या हाती सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी पडली पाहिजे, आणि ती मागण्याचे काम दोन्ही महाविद्यालयांतील कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे.

आतापर्यंतची चर्चा इकडून तिकडे जाणाऱ्यांची झाली. आदानप्रदानाची दुसरी बाजू, म्हणजे तिकडून येणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला आपण ठेवून घेऊ शकतो का, ही मराठी शिक्षणजगतात जवळजवळ अस्पर्शितच आहे, आणि खरी कसोटी तीच आहे. कल्याण, डोंबिवली किंवा उल्हासनगरच्या महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठाशी करार केला आणि त्या विद्यापीठाने चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीची निवड करून पाठवली, तर तिच्यासाठी प्रयोगशाळा, ग्रंथालय, उपाहारगृह आणि स्वच्छतागृह ही चारही ठिकाणे खुर्चीसह पोहोचण्याजोगी आहेत का? रॅम्पचा चढ एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा, हा सर्वमान्य निकष आहे; अनेक इमारतींत पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला उभा उतार रॅम्प म्हणून दाखवला जातो, त्यावरून खुर्ची ढकलणारा आणि बसणारा दोघेही धोक्यात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि त्याच वर्षी परदेशी संस्थांबरोबर संयुक्त व दुहेरी पदव्यांचे नियमही आणले. दोन्ही दस्तऐवज एकाच आयोगाचे असूनही महाविद्यालये ते वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात; परदेशी कराराच्या तपासणीत सुगम्यतेचा अहवाल सक्तीने जोडण्याची अट घातली, तर बाहेरच्या पाहुण्यासाठी केलेली दुरुस्ती विठ्ठलवाडीच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या वापरात येईल.

यासाठी परदेशापासून सुरुवात करावीच असेही नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावण्यात आली आणि त्याच धर्तीवर २०२३ पासून ‘युवा संगम’ या नावाने राज्याराज्यांतील विद्यार्थ्यांची ये-जा होत आहे. एक-दोन आठवड्यांचा असा प्रवास दिव्यांग विद्यार्थ्यासाठी परदेशी जाण्यापूर्वीची उत्तम तालीम ठरू शकतो, कारण चुकले तर घर एक-दोन दिवसांच्या अंतरावर असते आणि कायदा तोच असतो. मात्र येथेही रचनेतले दोष दिसतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत दिव्यांगांसाठी रुंद दाराचा आणि मोठ्या स्वच्छतागृहाचा भाग सहसा गार्डच्या डब्यालगत असतो, तर बाकीचा गट शयनयान किंवा वातानुकूलित डब्यात असतो. खुर्ची त्या डब्यांच्या दारातून आणि मधल्या वाटेतून जात नाही. म्हणजे सोय आहे, पण ती घेतली की विद्यार्थिनी आपल्याच गटापासून दीड दिवस तुटते, आणि प्रवासातील गप्पा, ओळखी, खाणेपिणे यांत जे शिकायचे ते तिच्या वाट्याला येत नाही. आयोजकांनी गटातील चार-पाच जणांना तिच्या डब्यात पाळीपाळीने बसवणे, किंवा अशा तुकडीसाठी विमानाचा खर्च आधीच मंजूर करून घेणे, हे दोन्ही उपाय सहज करता येतात.

घरच्यांच्या मनातील भीतीचा मुद्दा या सर्वांत अवघड आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. मुलाला परदेशी पाठवताना जे पालक धीट असतात तेच दिव्यांग मुलीला कल्याणपर्यंत एकटीने पाठवताना कचरतात, आणि त्यांची काळजी निराधार नसते. परक्या घरी राहताना शरीराला स्पर्श करून मदत करणारी व्यक्ती कोण असेल, तक्रार कोणाकडे करायची, औषधे संपली तर काय, दीर्घकाळच्या आजाराला प्रवासविमा लागू होतो का, या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय त्यांनी होकार द्यावा अशी अपेक्षा अन्यायाची ठरते. रोटरीसारख्या कार्यक्रमांत यजमान कुटुंबाची पडताळणी होते. तीच पद्धत मदतनिसांनाही लागू करणे, मुलीची आणि यजमानांची प्रवासापूर्वी व्हिडिओवर दोन-तीनदा भेट घडवणे, आणि आधी जाऊन आलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांशी पालकांना बोलू देणे, यांमुळे घरचा निर्णय बदललेला दिसतो. शिक्षकांनी येथे पालकांना उपदेश करण्यापेक्षा माहिती देणे अधिक परिणामकारक होते.

महाविद्यालयीन पातळीवर आज करता येण्याजोग्या गोष्टींतील सर्वांत साधी म्हणजे निवडीची जाहिरात. कल्याण-उल्हासनगर परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने आदानप्रदानाची सूचना लावताना तीत तीन वाक्ये छापावीत: दिव्यांग विद्यार्थ्यांचे अर्ज अपेक्षित आहेत; वाजवी सोयींची मागणी निवडीनंतर वेगळ्या अर्जाने घेतली जाईल आणि तिचा खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात धरला आहे; त्याविषयी समान संधी कक्षातील अमुक शिक्षकांशी बोलावे. ही सूचना फलकावर चिकटवलेल्या छायाचित्राऐवजी स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी, आणि माहितीसभा वरच्या मजल्यावरील सभागृहाऐवजी तळमजल्यावर, दुभाष्यासह घ्यावी. या सगळ्यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही. पुढील शैक्षणिक वर्षाच्या जाहिराती बहुतेक ठिकाणी पावसाळ्यानंतर निघतात, तेवढ्या अवधीत हे मजकूर तयार होऊ शकतात.